घर बदलतं तेव्हा नववीतल्या पोराच्या मनात काय चालतं?

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत डबे उघडून बसलो होतो आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाचा विषय निघाला. आठवीपर्यंत सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांचा मुलगा, आता घटक चाचणीत दोन विषयांत नापास, शेवटच्या बाकावर डोकं टेकून झोपतो. कुणीतरी म्हणालं, "अहो, आईवडील वेगळे झालेत त्याचे, होणारच." झालं, विषय संपला, बोलणं पुढच्या आठवड्याच्या सहलीवर गेलं. मला ते "होणारच" दिवसभर टोचत राहिलं. एक तर मी स्वतः तसल्याच घरातून आलेय. आणि दुसरं म्हणजे त्या "होणारच" मध्ये नेमकं काय होतं, कशामुळं होतं आणि काय केलं तर टळतं, यावर गेली कित्येक वर्षं लोकांनी मान मोडून अभ्यास केलाय आणि त्यातलं फार थोडं आपल्या स्टाफरूमपर्यंत किंवा स्वयंपाकघरापर्यंत पोचलंय. म्हणून लिहितेय. लांब होईल, पण घरात किंवा शेजारी दहा ते एकोणीस वयाचं कुणी असेल तर वाचा.

आधी हे सांगते की "कुटुंबाची रचना बदलली" म्हटलं की आपल्याला फक्त घटस्फोट आठवतो. पण बाबा वारले, आई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, काकांनी वेगळी चूल मांडली आणि आजी त्यांच्याकडं गेली, आईनं दुसरं लग्न केलं, आईवडील सहा महिने ऊसतोडीला गेले आणि पोरगी गावात आजीपाशी राहिली, हे सगळे रचनेतलेच बदल. आणि घरं आता लहान झालीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या घरात सरासरी ४.४ माणसं निघाली. दहा-बारा माणसांच्या वाड्यातून एक माणूस गेला तर त्याची जागा कुणीतरी थोडीफार भरून काढायचं, चार माणसांच्या वन बीएचकेतून एक गेला की जेवायला बसताना ती जागा रोज दिसते.

मग किशोरवयातच जास्त का लागतं? लहान पोराला तर आईबापाची गरज जास्त असते ना? असते. पण लहान पोराला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत, आणि या वयात कळतं सगळं, पेलत मात्र नाही. मेंदूचा भावनांचा भाग या वयात जोरात असतो आणि स्वतःला थांबवणारा, दोन पावलं पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यात शरीर बदलतंय, दहावी डोक्यावर, मित्रांत आपली जागा काय याची रोजची धाकधूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयातल्या दर सात मुलांपैकी एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो, म्हणजे घरात सगळं धड असलं तरी हे वय नाजूकच.

आमच्या गावाकडं पोरं विहिरीत पोहायला शिकायची तेव्हा मी बघितलंय, काठाच्या दगडाला पाय लावायचा आणि जोरात ढकलून मध्यावर जायचं, दम लागला की परत येऊन तोच दगड धरायचा. किशोरवय अगदी तसंच. घरापासून लांब जायचंय, भांडून जायचंय, दार आपटून जायचंय, पण परत आल्यावर दगड जागेवर पाहिजे. घर बदलतं म्हणजे पोरगं मध्यावर असताना काठ हलतो.

आता मुद्द्याचं. आईवडील वेगळे झाल्यामुळं मुलं बिघडतात का, हे शोधणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. वेगळे झालेल्यांची शंभर मुलं आणि एकत्र राहणाऱ्यांची शंभर मुलं घेऊन तुलना केली तर फरक दिसतोच. पण तो फरक वेगळं होण्यामुळं, की त्याआधी पाच वर्षं घरात जे चाललं होतं त्यामुळं? १९९१ मध्ये अँड्र्यू चेर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या अशा मुलांची माहिती तपासली जी १९५८ च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात जन्मली होती आणि ज्यांच्यावर तेव्हापासून लक्ष ठेवलं होतं. मुलं सात वर्षांची असताना सगळ्यांचे आईवडील एकत्रच होते, अकरापर्यंत काहींचे वेगळे झाले. आणि दिसलं असं की ज्यांचे पुढं वेगळे होणार होते त्या मुलांच्या वागण्यात आणि अभ्यासात सातव्या वर्षीच अडचणी होत्या. ते लक्षात घेतल्यावर मुलग्यांमधला बराचसा फरक गळून पडला, मुलींमधला थोडा कमी. ही मुलं लहान होती हे खरं, पण गोष्ट मोठ्यांनाही लागू पडते, की कोर्टाच्या कागदावर तारीख पडते त्याच्या कितीतरी आधी पोराचं घर मोडायला लागलेलं असतं.

दुसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मॅव्हिस हेदरिंग्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी साधारण १,४०० कुटुंबांचा अभ्यास केला, काही घरांचा तर कित्येक वर्षं माग काढला. त्यांना दिसलं की एकत्र घरातल्या शंभर मुलांपैकी साधारण दहा जणांना गंभीर मानसिक किंवा वागण्याचे त्रास होते, आणि घटस्फोट झालेल्या घरातल्या शंभरपैकी वीस ते पंचवीस जणांना. दुप्पट! ही बातमी खरी आहे आणि ती लपवू नये. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की शंभरातली पंचाहत्तर ते ऐंशी मुलं नीट उभी राहिली. "होणारच" म्हणणाऱ्या माणसाला मी हे पंचाहत्तर दाखवीन. आणि "काही नाही होत हो मुलांना, विसरतात" म्हणणाऱ्याला ते पंचवीस.

मग कोण कुठल्या बाजूला जातं? इथं खरी गंमत नाही, खरा जीव आहे या विषयाचा.

पहिलं, घरातलं भांडण. पॉल अमाटो आणि अॅलन बूथ यांनी १९८० पासून काही जोडप्यांचा माग ठेवला आणि पुढं त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांना गाठलं. ज्या घरात आदळआपट, रोजची भांडणं होती तिथं आईवडील वेगळे झाले तर मुलं उलट बरी राहिली, न झाले तर जास्त खचली. पण ज्या घरात वरवर शांतता होती, मुलांना काही दिसलंच नव्हतं, तिथं एक दिवस अचानक "आम्ही वेगळे होतोय" आलं की मुलांना जास्त लागलं. म्हणजे "मुलांसाठी एकत्र राहा" हा सल्ला सरसकट बरोबर नाही आणि "पटत नाही तर व्हा मोकळे" हाही सरसकट बरोबर नाही, घरात पोराच्या कानावर रोज काय पडतं त्यावर ते आहे. मारहाणीच्या घरातून बाहेर पडलेल्या बाईला "पोरांचा विचार नाही केलास का" असं विचारणारे नातेवाईक मी पाहिलेत. तिनं पोरांचाच विचार केलेला असतो.

दुसरं, पैसा. याच्यावर लोक बोलत नाहीत कारण ते भावनेचं वाटत नाही. पण वेगळं झाल्यावर मूल बहुतेकदा आईकडं असतं आणि आईच्या घराचं उत्पन्न एकदम खाली येतं, क्लास बंद होतो, घर बदलतं, घराबरोबर शाळा बदलते, शाळेबरोबर मित्र जातात. सारा मॅकलॅनहन यांच्या अमेरिकेतल्या हिशोबात एकट्या पालकाच्या आणि दोन पालकांच्या घरातल्या मुलांच्या प्रगतीतला जवळपास निम्मा फरक नुसत्या उत्पन्नानं समजावता येतो. निम्मा! म्हणजे आपण ज्याला "बापाचं छत्र नाही म्हणून" म्हणतो त्यातलं बरंचसं "बापाचा पगार घरात येत नाही म्हणून" असतं. यासाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकते, आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे, एक पालक असलेल्या, आईवडील विभक्त झालेल्या मुलांनाही त्यातून मदत मिळू शकते, १८ वर्षांपर्यंत, २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करायची, बाल कल्याण समितीकडून ते मंजूर होतं. मी वर्गातल्या तीन आयांना हे सांगितलं, तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

तिसरं, आणि यावर मी थोडी जास्त थांबणार आहे. पोराला निरोप्या करणं.

"बाबांना सांग फी भरायची तारीख उलटून गेली." "आई कुणाशी बोलते गं फोनवर?" "तुझ्या बापानं आपलं काय केलं बघितलंस ना?" बोलणारा दुखावलेला असतो, मला कळतं. पण ऐकणारं पोरगं तेरा वर्षांचं असतं आणि त्याला दोघंही हवे असतात. कॅलिफोर्नियात १९९१ च्या सुमाराला ५२२ किशोरवयीन मुलामुलींशी बोलून एक अभ्यास झाला, त्यांच्या आईवडलांना वेगळं होऊन साडेचार वर्षं झालेली होती. विचारलं काय, तर तुम्हाला दोघांच्या मध्ये सापडल्यासारखं वाटतं का? ज्यांना तसं वाटत होतं ती मुलं जास्त उदास होती, वागण्याचे त्रासही जास्त. आणि आईवडील एकमेकांशी वैर धरून असतील तर मुलं हमखास मध्ये सापडायची, दोघांशी नातं घट्ट असेल तर कमी. मूल आईकडं राहतं की वडलांकडं, यापेक्षा हे जास्त मोजावं असं मला वाटतं. व्हॉट्सअॅप आलंय, निरोप थेट पाठवा, बोलवत नसेल तर नुसतं लिहून पाठवा, पण पोराच्या दप्तरातून पाठवू नका.

या निरोप्याचंच दुसरं रूप म्हणजे "शहाणी" पोरगी. वडील गेले किंवा निघून गेले, आई खचली, आणि चौदा वर्षांची मुलगी स्वयंपाक करते, धाकट्याचा अभ्यास घेते, आईला रात्री समजावते, आणि सगळे म्हणतात, "किती समजूतदार झालीय, पोरीनं घर सावरलं." मी ते ऐकलंय, माझ्यासाठीच. आई मला घेऊन मामाकडं आली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मला कौतुक आवडायचं आणि म्हणून मी कधी रडले नाही, कारण रडले असते तर शहाणी राहिले नसते. घरात हातभार लावणं वेगळं, त्यानं मुलांना ताकदच येते. पण आईच्या दुःखाचं ओझं मुलीनं वागवणं, आईची मैत्रीण होणं, हे या वयात झेपत नाही. नापास होणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, शहाणी मुलगी कुणालाच दिसत नाही. शिक्षकांना माझं हात जोडून सांगणं आहे की घर बदललेल्या मुलीचे मार्क वाढले तरी तिच्याशी बोला, पोट दुखतंय म्हणून वारंवार घरी जाते का, डबा न खाता परत नेते का, झोप होते का, बघा.

आता आपल्याकडचं वेगळं. वर सांगितलेले अभ्यास तिकडचे, तिथं घटस्फोट झाला की झाला, तारीख असते, आठवड्याचे दिवस ठरतात. आपल्याकडं किती घरांत असं सरळ होतं? २०११ च्या जनगणनेत घटस्फोटितांपेक्षा विभक्त राहणाऱ्यांची संख्या जवळपास तिप्पट होती. म्हणजे कागद नाही, निकाल नाही, नुसतं "ती नांदत नाही", "सध्या माहेरी असते". ज्यांचं कोर्टात जातं त्यांनाही परस्पर संमतीनं करायचं तर आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, मग सहा महिने, जे २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य कारण असेल तर माफ होऊ शकतात. आणि संमती नसेल तर केस वर्षानुवर्षं. पोरगं पाचवीत असताना सुरू झालेली केस दहावीला चालूच. मुलाला समज असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतात अशी सोय १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आहे, पण चौदा वर्षांच्या पोराला "तुला कुणाकडं राहायचंय" हा प्रश्न घरच्या लोकांनी आदल्या रात्री चारदा पढवून पाठवला की ती सोय राहत नाही, शिक्षा होते.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं एका दुःखाला नाव दिलं, संदिग्ध वियोग म्हणू आपण. माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही. मेलेल्या माणसाचं दहावं-तेरावं होतं, लोक येतात, रडतात, तेराव्याला गोडाचं जेवण होतं, मनाला कळतं की संपलं. पण अर्धवट गेलेल्या माणसाचं काय? आई म्हणाली होती दोन महिने मामाकडं राहू. मी शाळेत सांगितलं, दिवाळीनंतर परत जाणार. मग उन्हाळ्यानंतर. बरोबर आणलेली जुन्या शाळेच्या गणवेशाची घडी मी दीड वर्ष ट्रंकेत तशीच ठेवली होती आणि तो मला आखूड झाला तेव्हा मला कळलं की आपण परत जाणार नाही. कुणीही सांगितलं नाही. मामी चांगली होती, आजी चांगली होती, कुणाचा राग नाही, सगळ्यांना वाटलं पोरीसमोर विषय नको. पण मी दोन वर्षं अभ्यास केला नाही तो दुःखानं नाही केला, वाट बघत बसल्यामुळं केला नाही. म्हणून मला या सगळ्या विषयात एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे, बदल झाला की मुलाला सांगा. काय झालंय, काय नक्की आहे, काय अजून ठरलेलं नाही. "अजून ठरलं नाही, ठरलं की पहिलं तुला सांगू" हे वाक्यसुद्धा चालतं. सगळा तपशील नको, कुणाची चूक हे तर नकोच. आणि एक गोष्ट चारदा सांगा की हे तुझ्यामुळं झालेलं नाही, कारण पंधरा वर्षांचा धिप्पाड मुलगाही आतून तेच धरून बसलेला असतो.

ऊसतोडीच्या मुलांचं याच नजरेनं बघितलं तर कळतं. बीडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्याकडं निघतात, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती फेडल्याशिवाय परत फिरता येत नाही, मार्च-एप्रिलला गाव. मागं राहणाऱ्या पोरासाठी दरवर्षी घर मोडतं आणि दरवर्षी परत जुळतं. यात निदान परत येण्याचा महिना माहीत असतो, आजी तीच असते, शाळा तीच राहते. हंगामी वसतिगृहाची योजना त्यासाठीच आहे, पोरांनी गावात राहून शिकावं म्हणून. पण वयात आलेल्या मुलीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं या काळजीनं एक तर तिला फडावर नेतात नाहीतर लग्न लावून देतात, आणि ते लग्न म्हणजे तिच्या आयुष्यातला दुसरा मोठा बदल, पहिला पचायच्या आत.

बदलांची संख्या हाही मोठा भाग आहे. अमेरिकेतल्या वीस शहरांत १९९८ ते २००० मध्ये जन्मलेल्या जवळपास पाच हजार मुलांवर अजून अभ्यास चालू आहे, त्यातून आणि तशाच इतर कामांतून दिसतं की घराचा आकार कसा आहे याइतकंच तो किती वेळा बदलला हे मोजावं लागतं. एकट्या आईचं पण स्थिर घर बऱ्याच मुलांना मानवतं. दुसऱ्या लग्नाचं सांगायचं तर लवकर किशोरवय, अकरा ते चौदा, यात नवीन माणूस घरात आला तर सगळ्यात जास्त घर्षण होतं. हेदरिंग्टन यांचं निरीक्षण होतं की सावत्र वडलांनी आल्याआल्या शिस्त लावायला घेतली की बिघडतं, आधी ओळख, मैत्री, आणि शिस्तीचं काम बराच काळ आईकडंच. "बाबा म्हण" ही सक्ती तर अजिबात नको. काका म्हणू दे ना, काय बिघडलं.

आई किंवा वडील वारले असतील तर? तिथंही तेच धागे सापडतात. अॅरिझोनामध्ये इर्विन सँडलर यांच्या गटानं अशा मुलांसाठी एक कार्यक्रम तयार केला आणि मुलांबरोबर मागं राहिलेल्या आईला किंवा वडलांनाही शिकवलं, रोज थोडा वेळ मुलाचं नुसतं ऐकायचं, घरात प्रेम आणि शिस्त दोन्ही टिकवायचं, मुलावर आणखी संकटं येऊ नयेत हे बघायचं. सहा वर्षांनंतर तपासलं तरी त्या मुलांत फरक दिसत होता. यात काही महागडं नाही. जेवायची वेळ तीच, झोपायची वेळ तीच, रविवारी क्रिकेट तेच, आणि एक मोठं माणूस जे कायम आहे. ते आईच पाहिजे असं नाही, आजी असेल, मामा असेल, कधी कधी शाळेतली बाईसुद्धा असते. माझ्यासाठी गणिताच्या बाई होत्या, त्यांनी कधी काही विचारलं नाही, फक्त रोज माझी वही शेवटी तपासायच्या म्हणजे मला दहा मिनिटं त्यांच्यापाशी उभं राहता यायचं.

पण दोन आठवड्यांच्या वर झोप-जेवण बिघडलंय, मित्र तुटलेत, स्वतःला इजा केल्याच्या खुणा आहेत किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही पोरगं बोललं, तर थांबू नका, वय आहे म्हणून सोडू नका. टेलीमानस, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत मिळते ती सेवा, तिचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि मुलांसाठी १०९८. मुलानं स्वतः फोन केला तरी चालतो, हे मुलाला माहीत असू द्या.

त्या नववीतल्या मुलाशी मी परवा बोलले... म्हणजे बोलला तोच, मी ऐकलं. भांडणाचं नाही, बाबा गेल्याचं नाही, त्याचं म्हणणं एवढंच होतं की मॅडम, शनिवारी मी कुठं असणार हे मला शुक्रवारी रात्रीपर्यंत माहीत नसतं, मित्र क्रिकेटला बोलावतात आणि मी येतो की नाही हे सांगूच शकत नाही, आता ते बोलवत नाहीत. मी दोघांनाही वेगवेगळ्या वेळी शाळेत बोलावलं. आई रडली, वडील बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. कुणाची चूक यावर एक शब्द काढायचा नाही असं मी आधीच सांगितलं होतं. शेवटी भिंतीवरची दोन कॅलेंडरं झाली, सारखीच, एक आईच्या घरी, एक बाबांच्या घरी, शनिवार-रविवारच्या चौकटींत निळ्या आणि लाल पेननं मार्चपर्यंतचं लिहिलेलं, दिवाळीचे चार दिवससुद्धा दोन-दोन वाटून. सोमवारी त्यानं मला वहीच्या मागं स्वतःसाठी उतरवून घेतलेलं दाखवलं. या शनिवारी मॅच आहे, त्यानं मित्रांना येतो म्हणून सांगितलंय.